भिंगरीचा तिसरा फेरा

जनावरांचं शनिवारी, माणसांचं रोज. पडेगावच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या लॅबमध्ये हा नियम भिंतीवर कुठं लिहिलेला नव्हता, पण मुक्ताबाईंच्या तोंडी तो कायम असायचा. जुन्या डॉक्टरांनी घालून दिलेला नियम. ते गेल्यावर लॅब डॉक्टर अमृताकडं आली, आणि लॅबबरोबर मुक्ताबाईही आल्या. फुलंब्रीहून रोज सकाळच्या बसनं यायचं, डबा टेबलाखाली ठेवायचा आणि मांसाचा तुकडा थिजवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढत बसायचं. एकोणतीस वर्षं हेच. मुक्ताबाईंचा काप म्हणजे काप, असं शहरातले डॉक्टर म्हणायचे, आणि ते मुक्ताबाईंना चांगलं ठाऊक होतं.

काम तसं सरळ. ऑपरेशनात काढलेला मांसाचा तुकडा बरणीत घालून इथं यायचा. तो साधा की कॅन्सरचा, कॅन्सरचा असेल तर कुठल्या जातीचा आणि किती खोल गेलेला, हे अमृतानं सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायचं. तिच्या एका ओळीवर पुढं कुणाचं पोट उघडायचं आणि कुणाला घरी सोडायचं, हे ठरायचं. माणसांचे डॉक्टर पाठवायचे, तसे गुराढोरांचेही पाठवायचे. फक्त त्यांचं शनिवारी.

त्या मंगळवारी भर दुपारी, एप्रिलच्या उन्हानं रस्ता पांढराफटक पडलेला असताना, एक पोरगी दोन बरण्या उराशी धरून आत आली. अक्षदा तिचं नाव. वीस-एकवीसची, कॉलेजला जाणारी. घर देवगाव रंगारीच्या बाहेर माळावर, बाप मेंढपाळ. एक बरणी हॉस्पिटलची होती, चिठ्ठी लावलेली. मुंजाबा, वय एकसष्ट, लघवीच्या पिशवीतली गाठ, शुक्रवारी दुर्बिणीतून खरडून काढलेली. दुसरी मात्र लोणच्याची काचेची बरणी होती.

"आणि हे कुणाचं गं?" अमृतानं विचारलं.

"भिंगरीचं. आमच्या कुत्रीचं." पोरीनं मान खाली घातली. "काल गेली ती. तिलाबी लघवीतून रगत जायचं. आधी तिला, मग बाला. जनावराचे डॉक्टर म्हणले, दोघांचंबी एकाच ठिकाणी दाखवा. एकच दुखणं हाय का ते कळंल."

"जनावराचं शनिवारी," मुक्ताबाई आतून म्हणाल्या. मान वर न करता.

"शनिवारी आम्ही नसतो मावशी. मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघायचंय. बाच्या पिशवीचं कळलं की शुक्रवारी निघायचं. मग पाऊस पडंस्तोवर येणं नाय."

अमृताला पोरीची दया आली, आणि खरं सांगायचं तर कुतूहलही वाटलं. माणसाच्या आणि कुत्र्याच्या मूत्राशयातली ही गाठ भिंगाखाली इतकी सारखी दिसते, की बरण्यांची अदलाबदल झाली तर भला भला डॉक्टर फसावा. नाव तेच, वर्ग तोच, वागणंही तेच. एकाच घरातली दोन्ही शेजारी ठेवून बघायला कधी मिळणार?

"ठेव दोन्ही," ती म्हणाली.

"मॅडम, नियम हाय."

"एकदा मोडला तर काय आभाळ कोसळतंय का, मुक्ताबाई?"

मुक्ताबाईंनी लोणच्याची बरणी अशी उचलली, की जणू तिच्यात इंगळ होते. त्यांचा राग असाच असायचा, गपगार.

लघवीची पिशवी म्हणजे तीन पदरांची वस्तू. आत अस्तर, मध्ये एक सैल थर, बाहेर जाड स्नायू. गाठ अस्तरात आहे तोवर ती खरडून काढावी, औषध सोडावं, माणूस कामाला लागतो. पण गाठीचं मूळ स्नायूत शिरलं, की मग सबंध पिशवीच काढावी लागते, आणि लघवीसाठी पोटाला बाहेरून प्लॅस्टिकची थैली लावावी लागते, जन्मभर. आणि स्नायूत शिरलेली गाठ ओळखायची राहून गेली, तर वर्ष-दीड वर्षात माणूस संपतो. मुंजाबाचं सगळं या एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं.

बुधवारी बारा वाजता मुक्ताबाईंनी काप चढवलेल्या काचा आणून ठेवल्या. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला काळा पडदा होता. बाहेर ऊन रणरणतंय, आत दिवेलागणीसारखा अंधार, आणि कोपऱ्यात कूलरची घरघर. अमृतानं आधी भिंगरीची काच पाहिली. बघताक्षणी कळलं, सर्वांत वाईट जात. पेशी वेड्यावाकड्या, स्नायूच्या आरपार गेलेल्या. उघड्यावर फाडलं असावं बिचारीला, कारण मांसात तिचा एक आखूड काळा केसही अडकलेला होता.

मग मुंजाबाची काच. तीन छोटे तुकडे. गरीब जातीची गाठ, अस्तरातच बसलेली. तिसऱ्या तुकड्यात थोडा स्नायू आला होता, तो स्वच्छ. अमृता खूश झाली. काच सरकवत ती कडेला, नंबर लिहिलेल्या बाजूला गेली, आणि थांबली.

तिथं एक चौथा तुकडा होता. तिळाएवढा, बाकीच्यांपासून लांब. पेशी वेड्यावाकड्या. आणि त्याच्यातून आडवा गेलेला एक आखूड काळा केस.

आता हे काय असतं ते सांगायला हवं. मेणाचा काप काढला की तो कोमट पाण्याच्या भांड्यात तरंगत सोडतात, आणि मग काचेवर उचलतात. भांड्यातलं पाणी नीट बदललं नाही, तर आधीच्या रोग्याचा एखादा कण पाण्यात राहतो आणि पुढच्याच्या काचेवर चढतो. लॅबवाले त्याला फ्लोटर म्हणतात. असा उपरा कण ओळखता आला नाही तर निरोगी माणसाची पिशवी फुकट जाते. आणि माणसाचा स्वतःचा कण उपरा समजून सोडला, तर माणूस जातो. दोन्हीकडून मरण.

पण इथं केस होता. माणसाच्या मूत्राशयात कुत्र्याचा केस कुठून येणार? म्हणजे कण भिंगरीचा. अमृताचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच रागही आला.

"मुक्ताबाई, पाणी बदललं नव्हतं?"

"बदललं. दोनदा."

"मग हा कुत्रीचा कण काय उडत आला?"

मुक्ताबाईंनी भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावला. मग सरळ झाल्या आणि पदरानं हात पुसले. "नवा काप देते," एवढंच म्हणाल्या.

दोन वाजता मुंजाबा स्वतः आला, लेकीबरोबर. उंच, वाळलेला, डोक्याला लाल पागोटं. खुर्ची दिली तर बसेना, दारापाशीच उकिडवा बसला. त्याच्याबरोबर मेंढरांच्या लोकरीचा उग्र वास खोलीत शिरला.

"डाक्टरीणबाई, एकच सांगा. थैली लागती का नाय?"

"नाही लागणार, बाबा," अमृता म्हणून गेली. "वरवरची आहे. कागद उद्या देते, पण पिशवी वाचली समजा."

म्हाताऱ्यानं हात जोडून कपाळाला लावले. अक्षदा रडायलाच लागली. "आमची आई तीन दिस जेवली नाय, मॅडम. बानाबाईला उपास सोडायला सांगते आता," असं आईचं नाव घेऊन ती रडता रडता हसली.

"पोटाला थैली बांधून मेंढरामागं फिरनं व्हतंय व्हय?" मुंजाबा म्हणाला. "त्याच्यापरीस मेलेलं बरं. पर ती भिंगरी बसली ना माझ्यापाशी, तवाच मी धास्तावलो व्हतो."

"बसली म्हणजे?"

"तिची तऱ्हाच व्हती. दोनशे मेंढरांत एखादं आतून आजारी असलं, वरून काय दिसत नसलं, तरी तिला वास यायचा. त्याच्याभवती तीन फेरे मारायची अन् चौथ्याला न जाता पायाशी बसायची. उठवून उठायची नाय. मंग आम्ही ते मेंढरू येगळं काढायचो. कवाच चुकली नाय बगा. म्हणून तर नाव भिंगरी." त्यानं जमिनीवर बोटानं गोल काढला. "फाल्गुनात माझ्याभवती फिरली. तीन फेरे. बसली. मी म्हन्लं, म्हातारी झाली, चळली. लाथ मारली तिला. तरी उठली नाय."

"वरवरचं का असंना, आजार व्हताच की बा," अक्षदा म्हणाली. "खरीच ठरली ती."

"व्हय," म्हातारा म्हणाला. "लाथ मात्र लागून राह्यलीय मला."

ते गेले. लोकरीचा वास मात्र राहिला. कूलरनंही तो गेला नाही.

चार वाजता मुक्ताबाईंनी नवा काप आणला. नवं पाणी, घासलेलं भांडं, नव्या खोक्यातली काच. अमृतानं काच लावली. मुंजाबाचे तीन तुकडे जिथल्या तिथं. नंबराची बाजू मोकळी.

तिनं सुटकेचा श्वास सोडला, काच सरकवली, आणि खालच्या अंगाला, पहिल्या तुकड्याच्या मागं, तोच कण दिसला. काळा केस तसाच. फक्त आता त्याचं टोक वर वळलेलं होतं.

गुरुवारी सकाळी तिसरा काप. कण आता उजवीकडं होता, पहिल्यापेक्षा जवळ. चौथा काप. कण वरच्या अंगाला. आणखी जवळ.

मेणाच्या ठोकळ्यातलाच कण असता, तर प्रत्येक कापात तो एकाच जागी दिसला असता. पाण्यातला असता, तर पाणी बदलल्यावर गेला असता. अमृतानं चारही काचा उजेडात रांगेनं मांडल्या आणि कणाची जागा पेन्सिलीनं कागदावर उतरवली. एक, दोन, तीन, चार. ठिपके जोडले. कळपाभोवती कुणीतरी चकरा मारत यावं, आणि चक्कर लहान होत जावी, अशी ती रेघ होती.

माणूस घाबरला की चिडतो. अमृताही चिडली.

"मुक्ताबाई, तुमचे हात थकलेत. तसं सांगा. माझ्या अहवालाशी खेळ नको. ठोकळा संपत आला त्या म्हाताऱ्याचा, आता मोजून चार-सहा काप निघतील."

मुक्ताबाईंनी काप काढायच्या मशीनचं चाक थांबवलं. पात्यावर झाकण घातलं. डबा उचलला.

"मॅडम, जुन्या डॉक्टरांनी जनावराला शनिवार का ठेवला व्हता, ठाऊक हाय?"

"स्वच्छतेसाठी."

"रविवारी लॅब बंद असती म्हणून." त्या दारापर्यंत गेल्या. "माणूस मेला की त्याला कळतं आपण मेलो. जनावराला लवकर कळत नाय. ते धन्याला हुडकीत ऱ्हातं. एक दिवस इथं कुणी नसलं, की निघून जातं आपसूक. तुम्ही तिला धन्याच्या शेजारीच मांडली... एकाच दिवशी, एकाच मेणात. आता ती कशाला जाती?"

आणि त्या गेल्या. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसानं.

दुपारी अडीचला डॉक्टर सार्थकांचा फोन आला. मुंजाबाची गाठ खरडणारे सर्जन ते. "मॅडम, तो मेंढपाळ उद्या पहाटे निघतोय. वरवरची म्हणालात, तेच अंतिम ना? मी सोडतो त्याला."

"संध्याकाळपर्यंत थांबा," अमृता म्हणाली. का म्हणाली, ते तिलाच सांगता आलं नसतं.

"काही शंका?"

"नाही... फ्लोटर आहे. बाकी काही नाही."

शहाणपण सांगत होतं, लिही: उपरा कण, दुर्लक्ष करावं. चार ओळींचा अहवाल, सही, मोकळी हो. कुणी तिला दोष दिला नसता. तिनं लिहायला सुरुवातही केली. मग पेन ठेवलं आणि स्वतः काप काढायला उठली.

मुक्ताबाईंचं भांडं तिनं हातातही घेतलं नाही. चहाच्या ओट्यावरची स्टीलची वाटी घेतली, जिच्यात कधी कुणाचं मांस तरंगलं नव्हतं. पिण्याचं पाणी ओतलं, कोमट केलं. चाक फिरवलं. मेणाची नाजूक फीत उलगडत खाली आली. तिचा हात मुक्ताबाईंसारखा कुठला चालायला, दोन काप फाटले. दोन कमी झाले. तिसरा पाण्यावर पसरला, तेव्हा घामानं तिची पाठ भिजली होती.

आणि वीज गेली.

कूलर थांबला. दिवसभर त्याच्या घरघरीखाली काय दबलं होतं, ते आता ऐकू आलं. फरशीवर नखं वाजत होती. टक... टक टक... टक. सावकाश. एखादं म्हातारं कुत्रं गार फरशीवर जपून चालावं, तसं.

अमृता हलली नाही. आवाज टेबलाच्या मागून गेला. मुक्ताबाईंच्या रिकाम्या स्टुलाजवळून वळला. दारापाशी, काल मुंजाबा बसला होता तिथं, थोडा थबकला. हुंगल्यासारखा श्वास ऐकू आला, छोटा छोटा, घाईघाईचा. ओल्या लोकरीचा वास एकदम दाटला.

"कोण आहे?" तिनं विचारलं. बाहेर रस्त्यावरून दौलताबादकडं जाणारी रिक्षा हॉर्न वाजवत गेली. दुपारचे तीन वाजत होते. उजेड होता, जग चालू होतं, आणि आत टक... टक... चालू होतं.

वीज आली. कूलर घरघरला. तिनं काप काचेवर उचलला, वाळवला, रंगवला आणि भिंगाखाली लावला.

कण आता फिरत नव्हता. तिसऱ्या तुकड्याला, जिथं स्नायू होता तिथं, खेटून बसला होता. अगदी अंग टेकून. आणि काळ्या केसाचं टोक स्नायूच्या आत रोखलेलं होतं.

टोकासमोर अमृतानं पाहिलं. काही नव्हतं. स्वच्छ गुलाबी स्नायू. तिनं भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. काही नव्हतं.

"काय दाखवतेस गं?" ती पुटपुटली, आणि आपण कुणाशी बोललो हे कळून तिच्या अंगावर काटा आला.

ठोकळ्यात दोन काप उरले होते. फाटले, तर मुंजाबाचं काहीच शिल्लक राहणार नव्हतं. तिनं मनातल्या मनात मुक्ताबाईंची माफी मागितली आणि चाक फिरवलं. एक काप पात्याला चिकटून गेला. शेवटचा निघाला.

शेवटच्या काचेवर उपरा कण नव्हता. कुठंच नव्हता. मुंजाबाचे तीन तुकडे तेवढे होते, आणि तिसऱ्याच्या स्नायूत, जिथं आधीच्या काचेत केसाचं टोक होतं नेमकं तिथं, वेड्यावाकड्या पेशींचा इवलासा पुंजका लपून बसला होता. मुंजाबाचा स्वतःचा. खोल गेलेला. सर्वांत वाईट जात.

काल हात जोडून कपाळाला लावणारा म्हातारा अमृताला दिसत होता. त्याला आता काय सांगायचं? तिला रडू आलं, आणि ती मोकळेपणी रडली. मग तिनं सार्थकांना फोन लावला.

"त्याला जाऊ देऊ नका. पिशवी काढावी लागेल."

दुसरा फोन फुलंब्रीला.

"मुक्ताबाई, पाणी तुम्ही बदललं होतं."

"ते मला ठाऊकच हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "उद्या येते. डब्यात ठेचा आणू का?"

ऑपरेशन झालं. मुंजाबानं आठ दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं, अमृताचं तर नाव काढू दिलं नाही. पण काढलेल्या पिशवीत सार्थकांना जे दिसलं, ते त्यांनी अक्षदाला समजावून सांगितलं. म्हातारा पाऊस पडेपर्यंत मेंढरांमागं राहिला असता, तर गाठ हाताबाहेर गेली असती.

श्रावणात तो चालत लॅबला आला. खांद्यावर घोंगडी, ती अमृतासाठी. कमरेला धोतराआड एक लोकरीची पिशवी होती, बानाबाईनं हातानं शिवलेली. तिच्यात ती थैली अलगद बसवलेली. "फिरनं व्हतंय," तो एवढंच म्हणाला, ओशाळं हसत. मुक्ताबाईंनी त्याला चहा केला. दारापाशी उकिडवा बसून त्यानं तो बशीत ओतून प्यायला.

जाता जाता तो उंबऱ्यात थांबला आणि त्यानं हवा हुंगली. आत, खोलीभर, नजर फिरवली.

"बाई, आमची भिंगरी हितंच हाय व्हय अजून?" अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं त्यानं. "म्या येऊन बोलावलं की यायला पायजे व्हती. भिंगरे... चल गं. झालं आता काम." त्यानं मांडीवर थाप मारली, जीभ टाळ्याला लावून टॉक टॉक केलं. वाट पाहिली. "येईना. तिचं काम ऱ्हायलंय वाटतं कायतरी."

तो गेल्यावर दोघी कामाला लागल्या. मुक्ताबाईंनी चाकाला हात घातला. अमृतानं पुढ्यातली काच लावली. एप्रिलपासून शनिवारचा नियम कडक पाळला जात होता, सतरा रविवार लॅब बंद राहिली होती, आणि एकाही काचेवर पुन्हा कधी काळा केस दिसला नव्हता. संपलं असंच दोघी धरून चालल्या होत्या.

श्रावणातली दुपार, कूलरची गरजच नव्हती. खोली शांत होती. म्हणून पहिलं नख वाजलं ते दोघींनाही ऐकू आलं.

टक... टक टक... टक.

मुक्ताबाईंचा हात चाकावर थांबला. आवाज दारातून आत आला, दोघींच्या मधून गेला आणि गोल वळला. मुक्ताबाईंचं स्टूल, अमृताची खुर्ची, दोन्हीला धरून एक फेरा. दोघी रंगात आणि औषधांत हात घालूनच इथवर आलेल्या. मुक्ताबाई एकोणतीस वर्षं, अमृता नऊ. असल्या रंगांनी पिशवीत गाठ होऊ शकते, हे दोघींना ठाऊक होतं.

"मॅडम..." मुक्ताबाई कुजबुजल्या. "फिरतीय..."

दुसरा फेरा. या खेपेला लहान. लोकरीचा ओला वास नाकाशी आला. अमृतानं डोळे मिटले आणि मनात म्हणाली, त्यांच्यापाशी बस, माझ्यापाशी नको. म्हणून झाल्यावर तिला स्वतःची अशी लाज वाटली, की डोळे उघडून मुक्ताबाईंकडं बघवेना.

तिसरा फेरा स्टुलाजवळून गेला. थबकला नाही. पुढं आला... आणि थांबला.

तिच्या उजव्या पावलावर काहीतरी टेकलं. उबदार, जड. हनुवटीसारखं.

मुक्ताबाईंनी एकदा तिच्या पायाकडं पाहिलं आणि एकदा तोंडाकडं. मग त्या हळूच उठल्या. कपाटातून लघवी तपासायची एक नवी, सीलबंद डबी काढली, वहीतला पुढचा नंबर बघितला, आणि पेन हातात धरून उभ्या राहिल्या. डबीच्या आत, न उघडलेल्या झाकणाखाली, एक आखूड काळा केस होता.

"नाव काय टाकू, मॅडम?"

अमृतानं आपलं नाव सांगितलं.